चॅन्सरीचे जुने रिपोर्ट वाचायचे कसे?

कायद्याच्या वर्गात ट्रस्ट किंवा मनाई हुकूम शिकताना तळटिपांमध्ये काही नावे पुन्हापुन्हा भेटतात: कीच विरुद्ध सँडफर्ड, टल्क विरुद्ध मॉक्सहे, लमली विरुद्ध वॅग्नर. नावापुढे चार-पाच अक्षरे आणि आकडे असतात. पाठ्यपुस्तकात खटल्याचे सार दोन ओळींत दिलेले असते, परीक्षेला तेवढे पुरते, आणि मूळ पान उघडायची वेळ येत नाही. ज्यांच्यावर ती येते त्यांच्यासाठी हा लेख आहे. कुणाचा एलएल.एम.चा प्रबंध असेल, कुणी जुन्या मुंबईतल्या व्यापाऱ्यांवर संशोधन करत असेल, कुणाला नुसतेच कुतूहल असेल.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. आज आपण ज्याला निकालपत्र म्हणतो ते न्यायाधीशाच्या सहीचे, कोर्टाने दिलेले कागद असतात. इंग्लंडमधल्या चॅन्सरी कोर्टाचे १८६५ पूर्वीचे रिपोर्ट या अर्थाने कोर्टाचे कागदच नव्हेत. कोर्टात हजर असलेल्या एखाद्या बॅरिस्टरने आपल्या वहीत टिपणे घेतली आणि त्याने, त्याच्या मित्रांनी किंवा मरणोत्तर वारसांनी ती छापली. म्हणून अशा रिपोर्टवर विसंबताना न्यायाधीश किती मोठा होता याच्याइतकेच, लिहून घेणारा किती भरवशाचा होता हे पाहावे लागते. पुढच्या बहुतेक पायऱ्या या एका गोष्टीतून निघतात.

कोर्ट कोणते, काळ कोणता

इंग्लंडमध्ये शतकानुशतके दोन प्रकारची कोर्टे शेजारी-शेजारी चालत होती. किंग्ज बेंच, कॉमन प्लीज आणि एक्सचेकर ही कॉमन लॉची कोर्टे. त्यांच्याकडे ज्युरी होती, ठरावीक साच्याचे दावे होते, आणि मुख्यतः पैशाची भरपाई मिळे. जिथे हा साचा अपुरा पडे तिथे लोक लॉर्ड चॅन्सेलर या राजाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, म्हणजे चॅन्सरी कोर्टात, दाद मागत. विश्वस्ताने विश्वासघात केला, फसवून दस्त करून घेतला, कबूल केलेली जमीन द्यायला नकार दिला, अशा तक्रारी तिथे येत. तिथे ज्युरी नव्हती. साक्षी लेखी होत, आणि कोर्ट थेट माणसाला हुकूम करी: हे कर, ते करू नकोस, हिशेब दे. या न्यायपद्धतीला इक्विटी म्हणतात.

दोन्ही कोर्टांची टक्कर १६१५ च्या ‘अर्ल ऑफ ऑक्सफर्ड’ खटल्याच्या सुमारास शिगेला पोचली. एका बाजूला चॅन्सेलर एल्समीअर, दुसऱ्या बाजूला किंग्ज बेंचचे मुख्य न्यायाधीश कोक. १६१६ मध्ये राजा पहिला जेम्स याने चॅन्सरीच्या बाजूने कौल दिला आणि विरोध आला तर इक्विटी वरचढ, हे ठरले. पुढे १८७३ आणि १८७५ च्या ज्युडिकेचर कायद्यांनी ही सगळी कोर्टे एका हायकोर्टात आणली आणि चॅन्सरी हा त्याचा एक विभाग झाला.

चॅन्सरीत एकच न्यायाधीश नव्हता, हे वाचकाने लक्षात ठेवायला हवे. लॉर्ड चॅन्सेलरच्या खाली मास्टर ऑफ द रोल्स बसे. १८१३ मध्ये व्हाइस चॅन्सेलरचे पद आले, १८४१ मध्ये त्यात आणखी दोघांची भर पडली, आणि १८५१ मध्ये चॅन्सरीचे वेगळे अपील कोर्ट झाले. एक्सचेकर कोर्टाकडेही १८४१ पर्यंत इक्विटीचे काम होते. त्यामुळे ‘चॅन्सरीचा निकाल’ एवढे म्हणून भागत नाही. खालच्या न्यायाधीशाचा की खुद्द चॅन्सेलरचा, हे आधी पाहायचे.

आकड्यांची कुलपे उघडणे

समजा तळटिपेत असे आहे: टल्क विरुद्ध मॉक्सहे (१८४८) २ फिल. ७७४, ४१ ई.आर. ११४३. छापील पुस्तकात ही अक्षरे अर्थातच रोमन असतात. पहिला आकडा खंडाचा, मधली अक्षरे रिपोर्टरच्या नावाची, शेवटचा आकडा पानाचा. ‘फिल.’ म्हणजे फिलिप्स नावाचा रिपोर्टर. त्याच्या दुसऱ्या खंडाच्या ७७४ व्या पानावर हा खटला सुरू होतो. स्वल्पविरामानंतरचे ‘ई.आर.’ म्हणजे ‘इंग्लिश रिपोर्ट्स’ हे मोठे पुनर्मुद्रण.

जुने रिपोर्ट असे माणसांच्या नावाने ओळखले जातात आणि संक्षेप डोके फिरवणारे असतात. ‘व्हेस. सेन.’ आणि ‘व्हेस. ज्यु.’ हे बाप-लेक आहेत: फ्रान्सिस व्हेसी सीनियर आणि ज्युनिअर. नुसते ‘९ व्हेस.’ असे लिहिले असेल तर बहुधा मुलगा समजावा. ‘डी जी. एम. अँड जी.’ म्हणजे डी गेक्स, मॅकनॉटन आणि गॉर्डन अशी तिघांची भागीदारी. पाठ करत बसू नका. कार्डिफ विद्यापीठाची कायदेविषयक संक्षेपांची सूची इंटरनेटवर फुकट आहे. त्यात अक्षरे टाकली की पूर्ण नाव मिळते.

१८६५ मध्ये ‘इन्कॉर्पोरेटेड कौन्सिल ऑफ लॉ रिपोर्टिंग’ स्थापन झाले आणि खाजगी रिपोर्टरांचे युग संपत आले. त्यानंतर इक्विटीचे निकाल आधी ‘एल.आर. इक्विटी’ आणि ‘चॅन्सरी अपील्स’ या मालिकांत, १८७५ नंतर ‘चॅन्सरी डिव्हिजन’ या मालिकेत, आणि १८९१ पासून चौकोनी कंसात वर्ष आणि पुढे नुसते ‘सीएच.’ अशा रूपात सापडतात. वर्ष चौकोनी कंसात असेल तर ते खंड शोधायला लागतेच. गोल कंसातले वर्ष निव्वळ माहितीसाठी असते.

पुस्तक हाती कसे येईल

मूळ खंड गोळा करायची गरज नाही. १९०० ते १९३२ या काळात ‘इंग्लिश रिपोर्ट्स’ या नावाने जुन्या खाजगी रिपोर्टांचे एकत्र पुनर्मुद्रण झाले. एकूण १७८ खंड, त्यातले शेवटचे दोन नुसते खटल्यांच्या नावांची सूची. खंडांची मांडणी कोर्टांप्रमाणे आहे आणि इक्विटीवाल्याने तेवढी डोक्यात ठेवावी: २१ ते ४७ चॅन्सरी, ४८ ते ५५ रोल्स कोर्ट, ५६ ते ७१ व्हाइस चॅन्सेलरांची कोर्टे. किंग्ज बेंच ७२ पासून सुरू होते. म्हणजे ४१ ई.आर. दिसले की निकाल चॅन्सेलरच्या पातळीवरचा, ५० ई.आर. दिसले की मास्टर ऑफ द रोल्सचा, हे पान न उघडताही कळते.

हे सगळे खंड ‘कॉमनएलआयआय’ या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. मूळ जुन्या आवृत्त्यांच्या छायाप्रती ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर सापडतात. महाविद्यालयाकडे ‘हाइनऑनलाइन’ची वर्गणी असेल तर शोध जास्त सोपा होतो.

पुनर्मुद्रणात मूळ पुस्तकाचे पान क्रमांक मजकुराच्या मधेच चौकोनी कंसात दिलेले असतात. उद्धृत करताना तेच वापरा. ई.आर.चा आकडा जोडीला द्यावा, एकट्याने नको. आणि अठराव्या शतकातली मूळ आवृत्ती संगणकावर शोधत असाल तर एक अडचण येईल: त्या काळी शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला ‘एस’ लांबट, जवळजवळ ‘एफ’सारखा छापत. यंत्राला तो ‘एफ’च वाटतो. ‘सूट’ हा शब्द सापडत नसेल तर ‘फूट’ असे शोधून बघा.

लिहून कुणी घेतले

इथे घाई करू नका.

रिपोर्टर सगळे एका लायकीचे नव्हते. सतराव्या शतकातली चॅन्सरीची टिपणे बहुतेक तुटक आहेत. पुष्कळदा वस्तुस्थिती दोन ओळींत, निकाल एका ओळीत, कारण नाहीच. ‘निनावी’ या शीर्षकाखाली असंख्य खटले आहेत, म्हणजे पक्षकारांची नावेसुद्धा टिपणाऱ्याला महत्त्वाची वाटली नाहीत.

बार्नार्डिस्टनचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १७४०-४१ च्या चॅन्सरी निकालांचे त्याचे पुस्तक कुणी वकील आपल्यापुढे वाचून दाखवू लागला तर किंग्ज बेंचचा मुख्य न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड याने त्याला मनाई केली. हा सार्जंट (म्हणजे वरच्या दर्जाचा वकील) कोर्टात डुलक्या घेई आणि शेजारचे टवाळ त्याच्या वहीत वाट्टेल ते खरडून ठेवीत, असे सांगतात. गोष्ट खरी असो वा वकिलांच्या खोलीतली थट्टा असो, बार्नार्डिस्टनच्या एकट्याच्या भरवशावर मुद्दा उभा करू नये हे मात्र खरे.

दुसऱ्या टोकाला पीअर विल्यम्स आहे. १६९५ ते १७३५ या काळातले त्याचे निकाल नेटके आणि विश्वासार्ह मानले जातात. व्हर्ननची गोष्ट गमतीची आहे. चॅन्सरीतला हा नामांकित वकील १७२१ मध्ये वारला आणि त्याची हस्तलिखित टिपणे कुणाची, यावरूनच चॅन्सरीत वाद उभा राहिला. विधवा म्हणे, घरातले सामान म्हणून माझी. उरलेल्या मालमत्तेचे हक्कदार म्हणत, आमची. वारस म्हणे, त्याच्या नावलौकिकाचा राखणदार मी. शेवटी कोर्टाच्या हुकमाने ती छापली गेली, असा इतिहास आहे. अर्थ असा, की ज्याने टिपणे घेतली त्याने छपाईसाठी ती तपासलीच नाहीत. व्हर्नन वाचताना हे मनात असू द्या.

म्हणून आवृत्ती महत्त्वाची. नंतरच्या काही संपादकांनी जुने रिपोर्ट कोर्टाच्या नोंदवह्यांशी ताडून पाहिले आणि तळटिपा दिल्या. पीअर विल्यम्सवर कॉक्सने, व्हर्ननवर रेथबीने, व्हेसी सीनियरवर बेल्टने हे काम केले. मूळ मजकूर एक सांगतो आणि खालची टीप ‘नोंदवहीनुसार हुकूम असा नव्हता’ म्हणते, असे प्रसंग येतात. अशा वेळी माझा कौल डोळे मिटून तळटिपेला असतो. सुदैवाने ‘इंग्लिश रिपोर्ट्स’साठी बहुतेक ठिकाणी चांगल्या आवृत्त्या निवडलेल्या आहेत, त्यामुळे या टिपा तिथेही दिसतात. बारीक अक्षरात असतात म्हणून त्या ओलांडू नका.

एकोणिसाव्या शतकात येता येता दर्जा एकदम सुधारतो. व्हेसी ज्युनिअरने १७८९ ते १८१७ पर्यंतचे निकाल दिले. बीव्हनने १८३८ ते १८६६ या काळातले रोल्स कोर्टाचे निकाल ३६ खंडांत दिले. इथे शब्द न्यायाधीशाचे आहेत असे बऱ्याच भरवशाने म्हणता येते. त्रास वेगळाच सुरू होतो: लॉर्ड एल्डनची वाक्ये. हा गृहस्थ १८०१ ते १८२७ मधली बहुतेक वर्षे चॅन्सेलर होता आणि एका वाक्यात मुद्दा, त्याचा अपवाद, अपवादाबद्दलची शंका आणि त्या शंकेबद्दलचा खेद एवढे सगळे बसवू शकत असे. एल्डन वाचताना कर्ता आणि क्रियापद पेन्सिलीने अधोरेखित करा. थट्टा नाही, दुसरा उपाय मला माहीत नाही. पण त्याला कमी लेखू नका. इक्विटी चॅन्सेलरच्या पावलाच्या मापाप्रमाणे बदलते, असा टोमणा सतराव्या शतकात कायदेपंडित सेल्डनने मारला होता. १८१८ च्या जी विरुद्ध प्रिचर्डमध्ये एल्डनने त्याची आठवण काढली, आणि तो ठपका खरा ठरेल असे काही आपल्या हातून झाले असेल तर पद सोडताना त्याइतके दुःख कशाचेच होणार नाही, अशा आशयाचे उद्गार काढले. पूर्वीच्या निकालांना बांधून घेणारी इक्विटी त्याच्या काळात पक्की झाली.

पान वाचण्याचा क्रम

चांगल्या रिपोर्टात साधारण पाच भाग असतात: वर हेडनोट (रिपोर्टरने दिलेले सार), मग दाव्याची हकीगत, वकिलांचे युक्तिवाद, न्यायाधीशाचे म्हणणे, शेवटी हुकूम. जुन्या रिपोर्टात यातले दोन-तीन भाग गायब असतात.

मी शेवटून सुरू करायला सांगेन. आधी हुकूम वाचा: दावा खर्चासह फेटाळला, की मनाई दिली, की हिशेबासाठी प्रकरण मास्टरकडे पाठवले? मास्टर म्हणजे चॅन्सरीचा अधिकारी. हिशेब तपासणे, वारस कोण ते ठरवणे असली कामे त्याच्याकडे जात, आणि १८५२ मध्ये ही पदे रद्द होईपर्यंत प्रकरणे तिथे लोळत पडत. ‘मास्टरकडे पाठवले’ म्हणजे खटला संपलेला नाही, एवढे कळले तरी अर्धा गोंधळ कमी होतो.

मग हकीगत. चॅन्सरीत वादी ‘बिल’ दाखल करी, म्हणजे आपला दावा. प्रतिवादी शपथेवर ‘आन्सर’ देई, म्हणजे आपली कैफियत. ‘डेमरर’ आला असेल तर प्रतिवादी म्हणत असे, की वादीचे सगळे कथन खरे धरले तरी त्याला दाद मागता येत नाही. अशा खटल्यातली ‘वस्तुस्थिती’ सिद्ध झालेली नसते, फक्त गृहीत धरलेली असते. नवखे लोक इथे हमखास फसतात आणि प्रबंधात ‘अमुकने फसवणूक केली’ असे लिहून बसतात. कोर्टाने तसे कधी म्हटलेलेच नसते.

युक्तिवाद वाचताना नावे बघा. वकील म्हणून जो मरे दिसतो तो पुढे लॉर्ड मॅन्सफिल्ड झाला, सग्डन पुढे लॉर्ड सेंट लिओनार्ड्स झाला. पेपिस आणि लॉर्ड कॉटनहॅम एकच, फिलिप यॉर्क आणि लॉर्ड हार्डविक एकच. सरदारकी मिळाली की नाव बदलते आणि सूचीत माणूस हरवतो. शिवाय ‘आर्ग्युएंडो’ असा शेरा असेल तर ते वाक्य वकिलाचे आहे. वकिलाचे वाक्य न्यायाधीशाच्या तोंडी घालणे हा या क्षेत्रातला सगळ्यात सामान्य गुन्हा आहे, आणि त्यात छापील पाठ्यपुस्तकेही सामील आहेत.

आता १७२६ चा कीच विरुद्ध सँडफर्ड उघडा, २५ ई.आर. २२३. इतका गाजलेला खटला आणि रिपोर्ट जेमतेम पानभर. रमफर्डच्या बाजाराचा भाडेपट्टा एका अज्ञान मुलासाठी विश्वस्ताकडे होता. मुदत संपल्यावर मालकाने मुलाच्या नावे पट्टा वाढवून द्यायला नकार दिला, तेव्हा विश्वस्ताने तो स्वतःच्या नावे घेतला. चॅन्सेलर लॉर्ड किंग म्हणतो, इथे लबाडी झाली असे मी म्हणत नाही, पण विश्वस्ताने पट्टा संपू द्यायला हवा होता, स्वतः घ्यायला नको होता. साऱ्या जगात हा पट्टा घ्यायला फक्त त्यालाच बंदी असावी हे कठोर वाटेल, तरी नियम सैल करून चालणार नाही. पट्टा मुलाला द्यायचा आणि नफ्याचा हिशेबही. एवढेच. युक्तिवादाचा भाग नावापुरता, आधीच्या निवाड्यांचा उल्लेख नाही. ज्या नियमावर पुढे तीनशे वर्षे ग्रंथ लिहिले गेले त्याचा पाया एवढ्याशा टिपणात आहे, हे स्वतः बघितल्याशिवाय पटत नाही.

एका खटल्याच्या दोन नोंदी

गाजलेला खटला अनेकांनी टिपलेला असतो. या समांतर नोंदी शोधून शेजारी ठेवणे हे या कामातले सगळ्यात फलदायी तंत्र आहे.

१७४४ चा ओमिचंद विरुद्ध बार्कर घ्या. आपल्या दृष्टीनेही तो महत्त्वाचा. भारतीय व्यापाऱ्याचा दावा लंडनच्या चॅन्सरीत उभा होता आणि साक्षी घेण्यासाठी कलकत्त्याला कमिशन गेले होते. हिंदू साक्षीदारांनी ब्राह्मणाला स्पर्श करून, आपल्या रीतीने शपथ घेतली होती. बायबलवर शपथ न घेतलेल्या माणसाची जबानी इंग्लिश कोर्टात चालेल का, हा प्रश्न. चॅन्सेलर लॉर्ड हार्डविकने तीन वरिष्ठ न्यायाधीशांना सोबत बसवले आणि जबानी ग्राह्य धरली. ॲटकिन्सच्या पहिल्या खंडात, २१ व्या पानापासून, वकिलांचे लांबलचक युक्तिवाद वाचायला मिळतात. त्यात तेव्हाचा सॉलिसिटर जनरल मरे आहे. पण साथीला बसलेल्यांपैकी विलिस हा कॉमन प्लीजचा मुख्य न्यायाधीश होता आणि त्याच्या स्वतःच्या टिपणांच्या पुस्तकात ५३८ व्या पानावर याच खटल्यातले त्याचे मत आहे. ते सापडते कुठे? १२५ ई.आर.मध्ये, कॉमन लॉच्या खंडांत. फक्त २१ ते ७१ खंड चाळणाऱ्याच्या हाती ते लागणारच नाही. सूचीच्या खंडांचा उपयोग इथे होतो, आणि नावाची स्पेलिंगे दोन-तीन तऱ्हेने लिहून पाहावी लागतात.

टल्क विरुद्ध मॉक्सहेमध्ये वेगळा धडा आहे. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधली बाग टल्कने १८०८ मध्ये विकली, ती मोकळी आणि बांधकामाविना राखायची या कबुलीवर. फिरत फिरत ती मॉक्सहेच्या हाती आली. त्याच्या दस्तात ही अट नव्हती, पण तिची माहिती त्याला होती. आधी मास्टर ऑफ द रोल्स लॉर्ड लँगडेलने मनाई हुकूम दिला. ती नोंद बीव्हनच्या अकराव्या खंडात, ५० ई.आर. ९३७. मनाई उठवावी म्हणून मॉक्सहे चॅन्सेलरकडे गेला आणि लॉर्ड कॉटनहॅमने ती कायम ठेवली. ती नोंद फिलिप्समध्ये, ४१ ई.आर. ११४३. शिवाय हॉल आणि ट्वेल्सचीही नोंद आहे, ४७ व्या खंडात. फिलिप्सच्या आणि हॉल-ट्वेल्सच्या नोंदी एकाच दिवसाच्या एकाच भाषणाच्या आहेत. शब्द न् शब्द जुळवून पाहा. जिथे दोघांचे जुळते तिथे कॉटनहॅम तसे बोलला असे निर्धास्त म्हणा. जिथे जुळत नाही तिथे अवतरणचिन्हे टाळा आणि आशय द्या.

कधीकधी एकच भांडण दोन्ही प्रकारच्या कोर्टांत दिसते. गायिका योहाना वॅग्नर हिने लमलीच्या थिएटरात गाण्याचा आणि त्या काळात इतरत्र न गाण्याचा करार केला. मग प्रतिस्पर्धी थिएटरचालक फ्रेडरिक गाय याने तिला जास्त पैसे देऊ केले. चॅन्सरीने १८५२ मध्ये तिला इतरत्र गाण्यास मनाई केली. गाण्याची सक्ती मात्र केली नाही. लमलीने फ्रेडरिक गायवर नुकसानभरपाईचा दावा लावला तो क्वीन्स बेंचमध्ये (राणीच्या काळात किंग्ज बेंचचे हे नाव), १८५३ चा. चॅन्सरीला सर्रास नुकसानभरपाई देण्याचा अधिकार १८५८ च्या कायद्याने मिळाला, त्यामुळे त्याआधीच्या खटल्यात ‘भरपाई का नाही मागितली’ असा प्रश्न पडला तर उत्तर बहुधा इथे आहे.

नोंदवहीपर्यंत जायचे असेल तर

जुन्या रिपोर्टांच्या समासात किंवा तळटिपेत ‘रेग. लिब.’ अशी खूण, एक अक्षर ए किंवा बी, वर्ष आणि पृष्ठक्रमांक दिसतो. ही चॅन्सरीच्या रजिस्ट्रारची हुकूमवही. रिपोर्ट टिपणाऱ्याचा असतो, ही वही मात्र कोर्टाची. १५४४ पासूनच्या या वह्या लंडनजवळ क्यू येथल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये ‘सी ३३’ या मालिकेत आहेत. पुढच्या काळात ए आणि बी अशी वाटणी वादीच्या आडनावाच्या आद्याक्षरावरून होई. क्यूला जाणे जमणार नसेल तर ह्यूस्टन विद्यापीठाच्या ‘अँग्लो-अमेरिकन लीगल ट्रॅडिशन’ या संकेतस्थळावर यातल्या अनेक वह्यांची छायाचित्रे आहेत.

वहीत कारणे मिळत नाहीत, मिळतात ती पक्षकारांची खरी नावे, दाव्याचा गोषवारा आणि नेमका हुकूम. एक दिलासा आहे: चॅन्सरीचे दावे पूर्वीपासून इंग्रजीत चालत, कॉमन लॉच्या कागदांसारखी लॅटिन आणि कायदेशीर फ्रेंचशी झटापट इथे करावी लागत नाही. हस्ताक्षराशी मात्र करावी लागते.

तारखांकडे लक्ष द्या. १७५२ पर्यंत इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे फेब्रुवारी १७२५ असे लिहिलेले आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७२६ असते. तारखेऐवजी हिलरी, ईस्टर, ट्रिनिटी किंवा मायकेलमस असे सत्राचे नाव असेल तर अनुक्रमे वर्षाची सुरुवात, वसंत, उन्हाळ्याचा आरंभ आणि शरद असे ढोबळमानाने धरा.

तिथून मुंबईपर्यंत

यातले किती आपल्या कायद्यात उतरले, हे तपासणे मराठी वाचकाला सोपे आहे, कारण १८७० आणि १८८० च्या दशकांत इक्विटीचे नियम इथे कलमांत बांधले गेले. कीचचा नियम १८८२ च्या इंडियन ट्रस्ट्स ॲक्टच्या कलम ८८ मध्ये ओळखू येतो. टल्कचा पडसाद त्याच वर्षीच्या ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टच्या कलम ४० मध्ये आहे. लमली विरुद्ध वॅग्नर तर थेट उदाहरण होऊन बसला होता: स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट १८७७, कलम ५७, थिएटरात बारा महिने गाण्याचा करार करणारा ‘ए’. आधी कलमाची भाषा वाचा, मग रिपोर्ट. कायदा करणाऱ्यांनी काय घेतले आणि काय मुद्दाम सोडले ते तेव्हाच दिसते. भारतीय कोर्टात कलमाचे शब्द चालतात, कॉटनहॅमचे नाहीत.

मुंबईत तर इक्विटीचे कोर्ट प्रत्यक्षच होते. १८२३ च्या सनदेने स्थापन झालेल्या सुप्रीम कोर्टाची एक बाजू इक्विटीची होती, चॅन्सरीच्याच धर्तीवर. १८६२ मध्ये हायकोर्ट आले तेव्हा ते काम मूळ शाखेकडे, म्हणजे ओरिजिनल साइडकडे गेले. सुप्रीम कोर्टाच्या निकालांसाठी सर अर्स्किन पेरी या तिथल्याच मुख्य न्यायाधीशाने १८५३ मध्ये काढलेला ‘ओरिएंटल केसेस’ हा संग्रह पाहा. १८४७ चा खोजे आणि मेमन यांच्या वारसाहक्काचा खटला त्यात आहे. इथे रिपोर्टर आणि न्यायाधीश एकच, म्हणजे शब्द नक्की त्याचेच. पण कुठले खटले छापायचे हेही त्यानेच ठरवले.

हायकोर्टाचे पुढचे निकाल ‘बॉम्बे हायकोर्ट रिपोर्ट्स’च्या बारा खंडांत आहेत आणि १८७६ पासून ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स, बॉम्बे सीरिज’ सुरू होते. पहिला सराव करायचा असेल तर आगाखान खटला घ्या: १२ बॉम्बे एच.सी.आर. ३२३, न्यायमूर्ती आर्नोल्ड यांचा. खोजा जमातीच्या सामाईक मालमत्तेवर आणि जमातीत कोणाला स्थान यावर हा वाद होता. दावा ॲडव्होकेट जनरलच्या नावाने, काही खोजांच्या सांगण्यावरून दाखल झाला. धर्मादाय मालमत्तेसाठी चॅन्सरीत ‘इन्फर्मेशन अँड बिल’ नावाची हीच रीत होती. बारावा खंड १८७५ चा म्हणून तळटिपेत तेच वर्ष टाकू नका. निकाल नोव्हेंबर १८६६ चा आहे, खंडात तो नऊ वर्षे उशिरा आला.